क्रेनचालकाच्या हातीही लाल झेंडी हवी!



नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत आपल्यापैकी कितीतरी जणांनी ड्युटी केली आहे, डाकेच्या थैल्या चढवल्या-उतरवल्या आहेत. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग मागे पडले की भिलाई पॉवर हाऊस हे स्टेशन येते. तिथून नंदिनी रोडने उत्तरेला गेले की जामुल. एका बाजूला सिमेंटचा कारखाना, आसपास लोखंड कापणारी, वाकवणारी आणि जोडणारी लहानमोठी शेडे. या शेडांतून दिवसभर एक यंत्र फिरत असते. पुढे लांब लोखंडी सोंड, सोंडेला लटकलेला भार, आणि भाराला हात लावून चालणारे दोन खलाशी. कागदोपत्री त्याला 'मोबाइल हायड्रॉलिक क्रेन' म्हणतात. कामगारांच्या तोंडी ती 'हायड्रा'. एका कंपनीच्या क्रेनचे हे नाव आता साऱ्या जातीलाच चिकटले आहे.

या हायड्राबद्दल आम्ही आज लिहीत आहोत. रेल्वेच्या आणि डाकेच्या कामगाराला दुसऱ्याच्या क्रेनशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आधी जामुलमध्ये आम्ही जे पाहिले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. जामुलच्या औद्योगिक भागातल्या एका शेडाबाहेर मोठी तुळई ट्रेलरवर चढवायची होती. क्रेन भाड्याची, चालक ठेकेदाराचा, खलाशी दुसऱ्याच ठेकेदाराचे. जमीन कन्हार, म्हणजे आपल्याकडची काळी माती. वरून मुरूम पसरलेला, खाली केबलसाठी खणून बुजवलेला चर. चालक खाली उतरला, टाचेने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाला, "इथे उभी राहणार नाही. लोखंडी प्लेटा टाका, नाहीतर ट्रेलर पलीकडे घ्या." सुपरवायझरने घड्याळ पाहिले, आवाज चढवला. चालक हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर त्याचा पास काढून घेण्यात आला. त्याच्या जागी एक कोवळा पोरगा बसवला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच चरावर क्रेनचे चाक रुतले, सोंड कलंडली आणि एका खलाशाचा पाय तुळईखाली सापडला. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले: 'चालकाचा निष्काळजीपणा'.

ज्याने काळजी घेतली त्याची नोकरी गेली. ज्याला काळजी घ्यायची मुभाच नव्हती तो निष्काळजी ठरला. आणि ज्याने घाई केली त्याचे नाव कागदावर कुठेच नाही. आमचे भांडण नेमके या न्यायाशी आहे.

बारा टन म्हणजे किती टन?

सुरक्षेच्या आठवड्यात गेटवर फलक लागतात, शपथा होतात, हेल्मेट घातलेल्या साहेबांचे फोटो निघतात. पण क्रेन का पडते हे साध्या भाषेत कामगाराला कुणी समजावून सांगत नाही. म्हणून ते इथे सांगू.

क्रेनच्या अंगावर 'बारा टन' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ती कुठेही, कशीही बारा टन उचलील असा नाही. भार यंत्राच्या अगदी जवळ असेल तेव्हाचा तो आकडा असतो. सोंड लांबवली किंवा खाली झुकवली की भार यंत्रापासून दूर जातो आणि क्षमता झपाट्याने घटते. बैलगाडीच्या जुवावर लटकलेल्या पोराचे वजन जसे गाडीला जड वाटते, तसेच हे आहे. ढोबळ हिशेब करा. दोन मीटरवर बारा टन पेलणारे यंत्र सहा मीटरवर चारच टन पेलील. सोंडेचे स्वतःचे वजनही पुढे सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. खरा आकडा उत्पादकाच्या तक्त्यात असतो. तो लोड चार्ट केबिनमध्ये, चालकाला वाचता येईल अशा भाषेत लावलेला हवा. किती केबिनमध्ये तो आहे? आणि असला तर किती ठिकाणी तो इंग्रजीत, तेलाने माखलेला, निम्मा फाटलेला आहे?

हुक, साखळी, शॅकल, स्लिंग यांचे वजनही भारातच धरायचे असते. स्लिंगचा कोन हे तर कामगाराला कधीच न सांगितलेले गुपित. दोन टनांचा भार दोन पायांच्या स्लिंगने सरळ वर उचलला तर प्रत्येक पायावर एक टन येतो. तेच पाय इतके पसरले की आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक पायावर पूर्ण दोन टन येतात. भार तोच, स्लिंग तेच, ताण दुप्पट. मग स्लिंग तुटते आणि साहेब म्हणतात, माल खराब होता.

हायड्राचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मोठ्या क्रेनला चारी बाजूंनी आउटरिगर, म्हणजे जॅक, असतात. ते पूर्ण बाहेर काढून, खाली स्लीपर किंवा प्लेट देऊन, यंत्र समपातळीत आणल्याशिवाय उचल करायची नसते. हायड्रा मात्र भार लटकवून चाकांवरच चालते. चालताना भार झुलतो. भारासह वळण घेतले की तिचा तोल आणखी कमी होतो, त्यामुळे वळलेल्या स्थितीतली क्षमता वेगळी आणि कमी असते. जुन्या बनावटीत चालक सोंडेच्या मागे बसतो, त्याला समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून भार जमिनीलगत ठेवायचा, माणसाच्या चालीने जायचे, भाराला लांब दोरी बांधून ती बाजूने धरायची आणि इशारा देणारा माणूस एकच असायचा. भाराला हात लावून पुढे चालणे हा खलाशाचा धीटपणा नाही. दोरीचा आणि एका जादा माणसाच्या मजुरीचा खर्च वाचवण्यासाठी त्याला तिथे उभे केलेले असते.

इंजिन बंद पडले तर?

क्रेनची सारी ताकद डिझेल इंजिनातून येते. इंजिन पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो, तेल सोंड उचलते. म्हणून सकाळची दहा-पंधरा मिनिटे यंत्राच्या तपासणीला मिळालीच पाहिजेत. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक तेल, पट्टा, ब्रेक, टायर, दोर, हुकाची खिट्टी हे पाहायचे. सर्व लिव्हर न्यूट्रलला आणि हँडब्रेक लावलेला असल्याची खात्री करूनच इंजिन चालू करायचे. ते थोडे गरम होऊ द्यायचे, मग भाराविना एकदा सोंड वर-खाली, आत-बाहेर करून पाहायची. दोर शेवटपर्यंत ओढला जाण्याआधी थांबवणारी लिमिट स्विच आणि जादा भाराचा इशारा देणारे यंत्र चालू आहे का, हे तेव्हाच कळते.

गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. इंजिन चालू असताना डिझेल भरायचे नाही. बंद शेडात धुराड्याचा वायू कोंडू द्यायचा नाही, तो वास न येता माणूस मारतो. भार लटकलेला असताना केबिन सोडायची नाही. अचानक रेस देऊन भाराला झटका द्यायचा नाही. आणि एक गोष्ट तर प्रत्येक खलाशाला तोंडपाठ असावी: होजमधून बारीक फवारा उडताना दिसला तर हाताने चाचपायचे नाही, इंजिन बंद करून दाब उतरवायचा. त्या दाबाचे तेल कातडीत सुईसारखे शिरते. वरून फक्त टोचल्याची खूण दिसते आणि आतून हात सडतो. ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. मलम लावून कामावर परत पाठवण्याची ती जखम नव्हे.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येक गोष्टीला थोडा वेळ आणि थोडा पैसा लागतो. तपासणीची मिनिटे कोण देणार? क्रेन तासाच्या भाड्याने आलेली असते. मीटर गेटपासून सुरू होते.

तुरुंगात कोण जातो?

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने उचल करणाऱ्या प्रत्येक यंत्राची, साखळीची आणि दोराची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली होती आणि ठरलेल्या भारापेक्षा जास्त उचलायला बंदी घातली होती. हा कायदा पाळला गेला असता तरी कितीतरी पाय आणि प्राण वाचले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना म्हणजे दहा नव्हे, वीस कामगारांचा. ठेकेदारीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. दोन क्रेन आणि सहा माणसे बाळगणारा ठेकेदार पूर्वीही निसटत होता. आता त्याच्यापेक्षा कितीतरी मोठेही निसटतील. तपासणी अधिकाऱ्याच्या नावापुढे 'सुविधाकार' जोडले गेले आहे. सुविधा कुणाची, हे वाचकांनी समजून घ्यावे.

शिक्षेचा हिशेबही पाहा. या संहितेत मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे अपघातात कामगार मेला, तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. 'किंवा' हा शब्द लक्षात ठेवा. दुसरीकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. हे कलम मालकालाही लावता येते, कायद्यात अडचण नाही. पण अपघातानंतर पोलीस येतात तेव्हा जागेवर सापडतो तो चालक. फिर्यादीत पहिले नाव त्याचे, आणि बहुतेक वेळा शेवटचेही.

शिवाय बहुतेकांना शिक्षण दिलेले नसते. आरटीओचा परवाना यंत्र रस्त्यावर नेण्याचा आहे. भार कसा तोलावा, तक्ता कसा वाचावा, हे तो परवाना शिकवत नाही. कालचा हेल्पर आज केबिनमध्ये बसतो, कारण तो निम्म्या पगारात येतो.

आमच्या माणसांचे काय?

मालकांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. चालक दारू पिऊन येतात, मोबाइलवर बोलतात, इशारा यंत्राची वायर स्वतःच काढून टाकतात, असे ते सांगतात. यातले काही खरे आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. लिमिट स्विच बांधून ठेवणारा, हुकावर पाय देऊन वर जाणारा, सोंडेखाली विडी ओढत बसणारा कामगार स्वतःचा आणि सोबत्याचा घात करतो. युनियनने त्याला तोंडावर सांगितले पाहिजे. पण इशारा यंत्राची वायर का निघते, हेही विचारा. ते वाजले की उचल थांबते, आणि उचल थांबली की शिव्या बसतात. सलग दोन पाळ्या केलेल्या माणसाला झोप येते, यात कसला गुन्हा? १९७३ साली आपल्या लोको रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्युटीसाठी लढा दिला, तेव्हा त्यांनीही हेच सांगितले होते की थकलेल्या डोळ्यांना सिग्नल दिसत नाही. क्रेनच्या केबिनमधले डोळे वेगळे नसतात.

आणि चूक एकट्या चालकाचीच असती, तर मोठमोठ्या कंपन्यांच्या, इंजिनियरांनी भरलेल्या कामांवर यंत्रे कोसळली नसती. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये नव्या क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली, अकरा जण मेले. मेलेल्यांत ठेकेदारांची माणसे होती. २०२३ च्या ३१ जुलै-१ ऑगस्टच्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण गेले. ही यंत्रे हायड्राच्या जातीची नव्हेत, कितीतरी मोठी. पण तिथेही भाराखाली आणि भाराजवळ उभा होता तो कामगारच.

रेल्वेची लाल झेंडी

आता रेल्वेवाल्या बंधूंना आम्ही विचारतो. सकाळी लोहमार्गाची पाहणी करणाऱ्या कीमनला तुटलेला रूळ दिसला तर तो काय करतो? साहेबाला विचारायला जातो का? नाही. तो लाल झेंडी रोवतो, सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन फटाके लावतो. मग येणारी गाडी मालगाडी असो की राजधानी, ती थांबते. खालच्या श्रेणीतला माणूस शेकडो प्रवाशांची गाडी थांबवतो आणि त्याबद्दल त्याला काढून टाकत नाहीत, बक्षीस देतात. रेल्वेच्या नियमपुस्तकाने सुरक्षेची जबाबदारी प्रत्येक कर्मचाऱ्यावर टाकली आहे, आणि जबाबदारीसोबत थांबवण्याचा अधिकारही दिला आहे.

ब्रेकडाउन गाडीवर काम केलेल्यांना हे आणखी चांगले ठाऊक आहे. जमालपूरच्या कारखान्यात बनणारी १४० टनी क्रेन अपघातस्थळी उभी राहते तेव्हा घाई कमी नसते. मेन लाइन बंद असते, वरून दर पाच मिनिटांनी फोन येतो. तरीही वरची २५,००० व्होल्टची तार बंद झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय सोंड वर जात नाही, आउटरिगरखाली स्लीपर रचल्याशिवाय हुक हलत नाही, आणि इशारा एकाच माणसाचा चालतो. हा शिस्तीचा वारसा आपोआप आला नाही. त्यामागे पक्की नोकरी आहे, नियमपुस्तक आहे आणि त्यामागे युनियन उभी आहे.

जामुलच्या चालकाने टाचेने जमीन दाबून "नाही" म्हटले, तेव्हा त्याने कीमनचेच काम केले. फरक एवढाच की त्याच्या हातात झेंडी नव्हती आणि खिशात फक्त गेटपास होता. नव्या संहितेत धोका जाणवल्यास मालकाला आणि तपासणी अधिकाऱ्याला कळवण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. कळवण्याचा! पण कळवून झाल्यावर काम थांबवले म्हणून गेटपास गेला, तर तो परत कोण देणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात जिवाच्या धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्रास होऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. २०२२ साली त्या संघटनेने तो करार मूलभूत करारांत घेतला. जामुलच्या गेटवर तो अजून पोहोचलेला नाही.

जामुलने आधीच सांगितले आहे

ठेकेदारी आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे, हे या भागाने रक्त सांडून सांगितले आहे. भिलाईच्या ठेकेदारी कामगारांना जगण्याइतके वेतन आणि कायम नोकरी मागणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना गोळीला बळी पडले. १ जुलै १९९२ रोजी कामगार भिलाई पॉवर हाऊसच्या रुळांवर बसले, पोलिसांनी गोळीबार केला आणि सोळा कामगार ठार झाले. त्या रुळांवरून आपण आजही गाड्या नेतो. जामुलच्या सिमेंट कारखान्यातील ठेकेदारी कामगारांनी त्यानंतरही वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा कुठे २०१६ साली करार झाला. नोकरीची हमी नसलेला माणूस धोक्याला नकार देऊ शकत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य करून घ्यायला दोन पिढ्या लागाव्यात?

डाकेच्या बंधूंना हे समजावण्याची गरज नाही. आपले जुने ई.डी., आजचे ग्रामीण डाक सेवक, हे त्याच जातीचे दुखणे भोगत आहेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद नागरी पद ठरवले, तरी खात्याने त्यांना खात्याचे पूर्ण कर्मचारी मानले नाही. आणि आज रेल्वेच्या यार्डात, मालधक्क्यावर, पुलाच्या कामावर जी हायड्रा येते, ती कुणाची? ठेकेदाराची. तिचा चालक आपल्या मेसमध्ये जेवत नाही, आपल्या युनियनच्या पावतीबुकात त्याचे नाव नाही. पण तिची सोंड कलंडली तर खाली आपलाच खलाशी असणार.

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही मागतो:

१. धोकादायक उचल नाकारण्याचा हक्क प्रत्येक क्रेनचालकाला आणि खलाशाला लेखी मिळावा. नकारामुळे पास, पाळी किंवा पगार गेल्यास मुख्य मालक जबाबदार धरला जावा.

२. प्रत्येक केबिनमध्ये लोड चार्ट आणि तपासणीचा ताजा दाखला चालकाच्या भाषेत असावा. तो नसेल तर क्रेन गेटच्या आत येऊ नये.

३. सकाळच्या तपासणीची वेळ भाड्याच्या तासांत धरावी. सलग दोन पाळ्या बंद कराव्यात.

४. चालक, खलाशी आणि इशारा देणारा, तिघांनाही पगारी प्रशिक्षण मिळावे.

५. कायमस्वरूपी उचलीच्या कामावरची ठेकेदारी संपवावी.

६. अपघाताच्या चौकशीत कामगारांचा प्रतिनिधी असावा, आणि हुकूम कुणी दिला हे पहिल्या पानावर लिहिले जावे.

मागण्या सरकारकडे आणि मालकांकडे आहेत. आपल्या शाखांकडेही एक मागणी आहे. तुमच्या यार्डात, शेडात, डाकघराच्या बांधकामावर उद्या क्रेन आली, तर दोन मिनिटे तिच्या चालकाजवळ जा. त्याला नाव विचारा, किती तास ड्युटी झाली ते विचारा, तक्ता आहे का ते पाहा. तो "नाही उचलणार" म्हणाला, तर त्याच्या बाजूला उभे राहा. एकट्या चालकाचा पास काढून घेणे सोपे असते. त्याच्या मागे गँगमन, खलाशी, पोस्टमन आणि पोर्टर उभे असतील तर सुपरवायझरलाही घड्याळ खिशात ठेवावे लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!